कुणावर गेलंय

टोमॅटो कपिलतीर्थ मार्केटातलाच, वीस रुपये किलोवाला.
चिरताना विमल म्हणाली, बघा, नुसत्या बिया.
मी बोटानं गर काढून चहाच्या ग्लासात टाकला,
वर पाणी ओतलं आणि खिडकीत ठेवून विसरलो.
तिसऱ्या दिवशी वास सुटला.
वर पांढरी साय धरली होती
आणि बिया तळाला जाऊन बसल्या होत्या, शहाण्यासारख्या.
चहाच्या गाळणीत धुतल्या.
विमलनं नवी गाळणी आणली
आणि दिवसभर बोलली नाही.

लक्ष्मीपुरीत बियाणांच्या दुकानात
चौगुल्यानं मला वेड्यातच काढलं :
“काका, हे हायब्रीडचं बी.
आईवर जात नाही, बापावर जात नाही,
काय येईल त्याची गॅरंटी नाही.
पाकीट न्या की. वर फोटो आहे.”

फोटो बघितला. गोल, लाल, एकसारखे.
छत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
समोर ड्रॉइंग टांगून.
ड्रॉइंगशी न जुळलेला जॉब
खडूनं फुली मारून भंगारात.
पाकीट जिथं होतं तिथं ठेवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या ट्रेमध्ये पेरलं,
दोन सूत खोल, एका खळग्यात एक.
सहाव्या दिवशी पाठ वाकवून
एक जण वर आला,
टोपी काढायची राहूनच गेलेली,
बियाचं साल पानाच्या टोकाला तसंच.
मी नखानं सोडवायला गेलो तर ऋजुता ओरडली,
“थांबा की ओ पप्पा! काढतंय त्याचं त्ये.”

ऋजुता आली तेव्हा चौदा महिन्यांची होती.
साताऱ्याहून येताना, गाडीत,
फाईल माझ्या मांडीवर, ती विमलच्या.
गल्लीतल्या बायका वाकून बघायच्या
नाक, कपाळ, कानाची पाळी,
आणि काहीच विचारायच्या नाहीत,
म्हणजे तेच विचारायच्या.

रोपं वीतभर झाली तेव्हा शेजारच्या शकिला मुल्लाणी
शेणखताची बादली घेऊन वर आल्या.
“गळ्यापर्यंत पुरा, भाऊ.
दांड्याला लव दिसते नव्हं? तिथनं मुळं फुटत्यात.
जेवढं पुराल तेवढं धरतंय.”
कुलंटचे कॅन कापून कुंड्या केल्या होत्या,
सोड्यानं चार वेळा धुतलेल्या,
तरी पहिल्या दिवशी गच्चीवर
कारखान्याचा वास होता. मला बरं वाटलं.

तीन रोपांची पानं आकसली, ती उपटली.
एक माकडानं नेलं, असं मी म्हणतो.
विमल म्हणते, पाणी जास्त झालं.
जानेवारीत फुलं आली, पिवळी, मान खाली घातलेली.
जुन्या टूथब्रशनं रोज सकाळी हलवायचो
आणि इकडंतिकडं बघायचो,
कुणी बघत तर नाही ना.

पहिलं फळ पिकलं त्या आठवड्यात
मार्केटात टोमॅटो चार रुपयांवर आला होता.
आमचा लांबट, खांद्याला हिरवा,
अंगावर भोपळ्यासारख्या कडा.
व्हर्नियर लावला : बावन्न पूर्णांक चार.
शेजारचा एकेचाळीस.
तिसरा तर मोजण्यासारखाच नव्हता.

विमल हातात घेऊन हसत म्हणाली,
“अगं बाई, हे कुणावर गेलंय?”
आणि थांबली.
खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
मी व्हर्नियर पुसत राहिलो,
तो स्वच्छच होता.

तेवढ्यात जिन्यातनं आवाज,
इथल्या पोरी बोलतात तसा,
“मी आलो! काय बघालाय ओ दोघं?”
एका पायात चप्पल तशीच,
तिनं विमलच्या हातातला टोमॅटो उचलला,
उभ्या उभ्या चावा घेतला,
डोळे मिटले.
“आंबट हाय,” म्हणाली, “लई भारी.”

रस मनगटावरून कोपरापर्यंत,
दोन बिया हनुवटीवर.
मी चहाचा ग्लास विसळायला घेतला.
विमलनं काही न बोलता
जुनी गाळणी पुढं केली.